हिरवा रंग एक नसतो: निसर्गचित्रांवर जगायचंय म्हणणाऱ्या खानापूरच्या मुलीला

तू लिहिलंयस की, मी जांबोटीच्या बाजूची, बारावी झाली, लहानपणापासून झाडं, नदी, शेत काढते, आमच्या डोळ्यांदेखत सगळं बदलत चाललंय ते मला चित्रात आणायचंय आणि त्यावरच पोट भरायचंय, घरचे म्हणतात डीएड कर नाहीतर बँकेच्या परीक्षा दे, तर असं खरंच होतं का आणि सुरुवात कुठून करायची. मी बेळगावात शहापूरला राहते, तीस वर्षं झाली चित्रं काढते, त्यातली पहिली बारा वर्षं नुसत्या चित्रांवर घर चाललं नाही, पुढं हळूहळू चालायला लागलं. म्हणजे होतं. पण तू "बदल चित्रात आणायचाय" म्हणतीयस ना, तिथंच मी सुरुवातीला चुकले होते, म्हणून आधी तेच सांगते, पैशाचं नंतर.

मी पण तुझ्यासारखीच पर्यावरणावर चित्रं काढायची म्हणून बसले होते. काय काढलं, तर भेगाळलेली जमीन, मधे एक वाळलेलं झाड, मागं लाल सूर्य. मोठा कॅनव्हास होता, दीड महिना घालवला त्यावर. एका ग्रुप शोमधे तो लागला आणि तिथं आमच्या वडगाव भागातले एक म्हातारे शेतकरी मामा आले होते, नातीला घेऊन. ते त्या चित्रासमोर बराच वेळ उभारले आणि मला म्हणाले, "ही जमीन चांगली हाय की, दुःखाचं काय काढलंय ह्यात?" मला कळेना. मग त्यांनी सांगितलं की आमची काळी जमीन दर उन्हाळ्यात अशीच फुटते, फुटलीच पाहिजे, भेगांतनं हवा आत जाते, वरची माती आत पडते, पावसाळ्यात परत मिटते, जमीन आपली आपण नांगरून घेते असं समज. काळ्या रेगड मातीचा गुणच तो, ओली झाली की फुगते आणि वाळली की आकसते. मी शहापुरात जन्मले, शिवार पाच मिनिटांवर, आणि मला हे माहीत नव्हतं, कारण मी ती भेग शेतात बघितलीच नव्हती, कुठल्यातरी पोस्टरवर बघितली होती. तो कॅनव्हास मी नंतर पांढरा मारून परत वापरला.

त्यानंतर मी ठरवलं की विषय काढायचा नाही, जागा काढायची. एकच जागा, आणि सोडायची नाही. माझी जागा येळ्ळूर रोडला आहे, जिथं वस्ती संपून शिवार उघडं पडतं आणि लांब येळ्ळूरगड दिसतो, राजहंसगड म्हणतात तो. १९९८ च्या आषाढात तिथं पहिलं चित्र काढलं. तेव्हापासून वर्षातनं निदान चारदा जाते: पेरणीच्या आधी, रोप लागवडीला, दसऱ्याच्या आसपास भात पिकताना, आणि माघात मसूर-वाटाणा असताना. त्याच बांधावर, जमेल तितकं त्याच ठिकाणी स्टूल टाकून, गड कागदाच्या उजव्या तिसऱ्या भागात येईल असं. पहिल्या वर्षी एक काका लांबनं बघत बघत आले, माझं ते तीन पायांचं ईजल बघून त्यांचा चेहराच उतरला होता, म्हणाले, "काय करूलालाईस गं बाळ, जमीन मोजूलालाईस काय?" रस्त्याला जमीन जाणार, लेआउट पडणार ह्याची धास्ती तेव्हापासून आहे लोकांना. मी कागद दाखवला. त्यांनी आपला बांध ओळखला, विहीर ओळखली आणि मग बैल मी चुकीच्या जागी काढलाय असं सांगून गेले. ते काका पुढं पंधरा-सोळा वर्षं माझं प्रत्येक चित्र तपासायचे. असा एक माणूस तुला तुझ्या जागेवर मिळाला तर त्याला धरून ठेव, कॉलेजात मिळणार नाही ते शिक्षण तिथं मिळतं.

आता तुझ्या प्रश्नातला खरा गाभा. बदल कसा दिसतो? सगळ्यांना वाटतं बदल म्हणजे हिरवं जाऊन करडं येणार, झाड जाऊन सिमेंट येणार. तसंही होतं, खानापूर-लोंढा रस्ता रुंद होताना दुतर्फाची झाडं गेली ती तू बघितली असशील, ती जुनी सावलीची कमान गेली आणि आता तिथं दुपारी उभारवत नाही. पण आपल्या भागात पुष्कळसा बदल हिरवाच असतो गं, आणि हिरवा असतो म्हणून कुणाच्या डोळ्यात येत नाही. चित्रकाराच्या डोळ्यात आला पाहिजे, आपलं कामच हिरव्या-हिरव्यातला फरक ओळखायचं आहे.

तुझ्याच गावाकडचं उदाहरण घे. फाल्गुन-चैत्रात जांबोटीच्या पुढं कणकुंबीकडं जाताना रानात नीट बघ, हिरवा कमी आणि तांबडा जास्त असतो. कुसुंबाची नवी पालवी लालभडक, जांभळाची तांबूस, पिंपळाची गुलाबी-तांबूस, अंजनीला निळ्या फुलांचे घोस. पंधरा दिवसांत ते सगळं पोपटी होतं आणि मग गडद. आणि आता तिथंच अकेशियाची लागवड जिथं केलीय तिथं बघ, आपण ऑस्ट्रेलियन बाभूळ म्हणतो ती. बारा महिने एकच हिरवा. मळकट, थोडा करडा, कोयत्यासारखी वाकडी पानं सगळी एकाच तऱ्हेनं लोंबलेली, खाली वाळल्या पानांचा थर आणि त्यात फारसं काही उगवलेलं नाही. लांबनं दोन्ही "जंगल". फोटोत दोन्ही हिरवं. पण रंग कालवायला बसलीस की कळतं, अकेशियाला मला सॅप ग्रीनमधे थोडी बर्न्ट सिएना आणि चिमूटभर अल्ट्रामरीन टाकलं की संपलं, अख्खा डोंगर त्या एका मिश्रणात होतो, आणि शेजारच्या जुन्या रानाच्या तुकड्याला पॅलेटवर अकरा वेगळे हिरवे लागले एकदा, मी मोजले होते. हा अकरा आणि एक मधला फरक हेच चित्र आहे. त्यावर "जंगल वाचवा" लिहायची गरज नाही.

भात आणि उसाचं पण तसंच. भाताचं शिवार वर्षात सात-आठ रंग बदलतं, धूळवाफ पेरणीच्या वेळी काळं-करडं, मग पोपटी तरवा म्हणजे रोपं, लागवडीनंतर निम्मं पाणी निम्मं हिरवं त्यात आभाळ दिसतं, मग गच्च हिरवं, मग लोंब्या येताना फिकट, मग सोनेरी, मग कापल्यावर बुडखे, मग मसुरीचा बारीक निळसर हिरवा. ऊस आला की ते आठाचं दोन होतं. उभा ऊस आणि तोडलेला ऊस, मधे डिसेंबर-जानेवारीत तुरा येतो तेवढीच चंदेरी जांभळट गंमत. ऊस वाईट असं मी म्हणत नाही, आपल्या जिल्ह्यातली निम्मी घरं त्यावर चालतात, चिकोडी-निपाणीकडं तर तंबाखूच्या जागी ऊसच झालाय. पण बासमतीच्या शिवाराच्या शेजारी ऊस आला की आभाळ जमिनीवर दिसायचं बंद होतं, पाणी भरलेल्या वाफ्यात जे दिसायचं ते. माझ्या १९९८ च्या चित्रात कागदाचा खालचा अर्धा भाग म्हणजे आभाळच आहे. परवाच्या चित्रात नाही.

आणि तिसरा हिरवा जलपर्णीचा. आमच्या बळ्ळारी नाल्यात शहराचं सांडपाणी येतं आणि त्या खतावर जलपर्णी माजते, वरनं बघितलं तर काय सुंदर, चकचकीत पानं आणि फिक्या जांभळ्या फुलांचे तुरे. मूळची दक्षिण अमेरिकेतली वनस्पती ती. पावसाळ्यात नाला तुंबला की पाणी शेतात शिरतं, रोपं कुजतात, दुबार लावणी करावी लागते, हे आमच्याकडं नेहमीचं झालंय. मी एकदा पूर उतरल्यावर गेले तर बांधावर, तारेच्या कुंपणावर, सगळीकडं ती जलपर्णी लटकलेली आणि तरी फुललेली. मी ती जशी होती तशी, सुंदर काढली. एकानं विचारलं, एवढं नुकसान झालं आणि तुम्ही फुलं कसली काढताय. पण फुलं होती. ती काढली नसती तर ते चित्र खोटं झालं असतं. ज्यांची शेती आहे त्यांना ते चित्र बघून लगेच कळलं कशाचं आहे, एका वहिनींच्या डोळ्यात पाणी आलं.

म्हणून तुला पहिलं काम सांगते ते हे की एक जागा निवड, घरापासून चालत अर्ध्या तासाच्या आत, म्हणजे पावसात, कंटाळा आला तरी, जाणं होईल. मलप्रभेच्या काठची निवड वाटल्यास, कणकुंबीत माउलीच्या देवळाजवळ उगम पावून ती पूर्वेला जाते आणि पार कूडलसंगमला कृष्णेला मिळते, आणि थोडं पलीकडं पडलेला पाऊस म्हादईतनं पश्चिमेला गोव्यात जातो, एवढी मोलाची जागा तुझ्या दारात आहे. पण धबधबा नको. वज्रपोहा, गोकाक हे बघायला जा, शिकायला जा, गोकाकचा फिका गुलाबी वाळूचा दगड काढून बघच, पण कायमची जागा साधी असू दे, एखादी पाणंद, तळ्याचा कोपरा, चार झाडं आणि एक गोठा. साध्या जागेत बदल लवकर दिसतो.

आणि प्रत्येक चित्रामागं लिही. तारीख, वेळ, कुठल्या दिशेला तोंड करून बसलीस, आभाळ कसं होतं, आदल्या दिवशी पाऊस होता का, शेतात काय चाललं होतं, कोण बोललं. पेन्सिलनं लिही, शाईला पाणी लागलं की संपतं. हे मी पहिली चार वर्षं केलं नाही आणि त्याची हळहळ अजून आहे. कारण चित्र म्हणजे नुसतं चित्र राहत नाही, वीस वर्षांनी ते पुरावा होतं. व्हेनिसचा कॅनालेत्तो नावाचा चित्रकार होता अठराव्या शतकातला, तो इमारती इतक्या काटेकोर काढायचा की भिंतीवर पाण्याच्या शेवाळाची हिरवी रेघ कुठपर्यंत आलीय ते त्याच्या चित्रांत दिसतं, आणि शास्त्रज्ञांनी ती रेघ आजच्या रेघेशी ताडून तेव्हापासून पाणी किती वर चढलंय त्याचा अंदाज काढला. २०२३ मधे काही संशोधकांनी इंग्रज चित्रकार टर्नर आणि फ्रेंच चित्रकार मोने यांची सुमारे १०० चित्रं तपासली आणि दाखवलं की लंडन-पॅरिसच्या हवेत कोळशाचा धूर जसजसा वाढला तसतशा त्यांच्या चित्रांतल्या कडा पुसट आणि रंग पांढुरके होत गेले. त्या दोघांनी प्रदूषणावर चित्रं काढायची म्हणून काढली नव्हती, समोरचं धुकं मनापासून काढलं होतं. मोनेनं १८९९ ते १९०१ मधे थेम्स नदीच परत परत काढली, त्यामुळं ताडून बघता आलं. एखादंच चित्र असतं तर कुणी काय ताडलं असतं.

इतक्या लांब जायलाही नको. कोल्हापूरचे अबालाल रहिमान, शाहू महाराजांच्या दरबारचे चित्रकार, १९३१ ला गेले. मुंबईला जेजे स्कूल ऑफ आर्टमधे शिकून परत आले आणि कोल्हापुरातच राहून कोटितीर्थ, रंकाळा ही तळी, पंचगंगेचा काठ हेच काढत राहिले. त्यांच्या चित्रातलं कोटितीर्थ आणि आजचं कोटितीर्थ शेजारी धरून बघ, मला वेगळं काही सांगायला लागणार नाही. आणि आपल्या बेळगावात के. बी. कुलकर्णी सरांनी किती पिढ्यांना शिकवलं, चित्रकार रवी परांजपे त्यांच्याच तालमीत तयार झाले. आमच्या सरांनी आम्हाला शिवारात नेऊन बसवायची सवय लावली ती त्याच परंपरेतनं आली. म्हणजे तू काही वेगळं खूळ डोक्यात घेतलेलं नाहीस, ह्या भागाची ती जुनी वाट आहे, हे घरच्यांना सांग.

सामानाबद्दल थोडं, कारण ह्यात माझं मोठं नुकसान झालंय. पहिली काही वर्षं मी स्टुडंट क्वालिटीचे रंग वापरले, परवडत तेच होते. त्यात एक जांभळा होता. जलपर्णीच्या फुलांना, उसाच्या तुऱ्याला, संध्याकाळच्या गडाला मी तोच वापरला. दहा वर्षांनी पेटी उघडून, फ्रेम करून भिंतीवर लावलेली चित्रं पेटीतल्या चित्रांशी ताडली तर भिंतीवरचा जांभळा निम्मा उडालेला, फुलांच्या जागी मळकट पांढरं. कच्चे रंग उजेडानं जातात. अलिझरीन क्रिमसनही जातो, पीआर ८३ असं ट्यूबवर लिहिलेलं असतं, त्याऐवजी क्विनॅक्रिडोनमधला गुलाबी घे आणि अल्ट्रामरीनशी मिसळून जांभळा स्वतः कर, अल्ट्रामरीन म्हणजे पीबी २९, तो पक्का. ट्यूबवरचं रंगाचं फॅन्सी नाव वाचू नकोस, हा कोड वाच. आणि नवीन रंग आणला की एका पट्टीवर लावायचा, निम्मी पट्टी काळ्या कागदानं झाकायची, दक्षिणेच्या खिडकीत तीन-चार महिने ठेवायची, मग काढून दोन्ही बाजू बघायच्या. दोन कमी रंग घे पण पक्के घे. माझ्या पेटीत आज नऊच आहेत.

कागद ३०० जीएसएमचा, कॉटनचा, महाग पडतो पण फुल शीटचे चार तुकडे केले की चार चित्रं होतात. आपल्याकडं पावसाळ्यात कागदाला बुरशी धरते, तुमच्याकडं तर कणकुंबीचा पाऊस, भिंतीच घाम फुटल्यासारख्या असतात. कागद पत्र्याच्या ट्रंकेत ठेव, सिलिका जेलच्या पुड्या टाक, त्या महिन्यातनं एकदा तव्यावर मंद आचेवर वाळवून परत घाल. जुलै-ऑगस्टमधे ऑइल लावलंस तर वाळायला तिप्पट दिवस धर. रंग धुतलेलं पाणी ओढ्यात ओतायचं नाही, कॅडमियम, कोबाल्ट विषारी असतात, आणि ॲक्रेलिक म्हणजे शेवटी प्लास्टिकच. बादलीत साठवायचं, गाळ बसू द्यायचा, वरचं पाणी उन्हात आटवायचं आणि गाळ वाळवून पुडीत बांधून वेगळा ठेवायचा. नदीची चित्रं काढणाऱ्यानं एवढं केलंच पाहिजे, मला ह्यात दुसरं मत चालत नाही.

आणि तुझ्याकडं एक फुकटचा खजिना आहे, माती. खानापूरची माती कौलांना, मडक्यांना चालते ती उगीच नाही, तिथं कुंभारकामाचं केंद्र सरकारनं काढलं ते ह्या मातीसाठीच. जांभ्याची तांबडी माती म्हणजे लोखंडाचा गंज, ट्यूबमधले बर्न्ट सिएना, इंडियन रेड हे त्याच जातीचे, आणि ते कधीच उडत नाहीत. मूठभर माती आण, पाण्यात कालव, मोठे खडे खाली बसले की वरचं गढूळ पाणी मलमलच्या फडक्यातनं दुसऱ्या भांड्यात ओत, रात्रभर ठेव, सकाळी वरचं निवळ पाणी काढून टाक, खाली जो लोण्यासारखा गाळ राहतो तो वाळव आणि काचेवर घोट. बाभळीचा डिंक कोमट पाण्यात भिजवून, त्यात चार थेंब मध आणि बुरशी येऊ नये म्हणून एक थेंब लवंगेचं तेल, ह्यात तो घोटलास की तुझा वॉटरकलर तयार. पिवळी माती मिळाली तर लोखंडी तव्यावर चांगली भाज, तांबडी होते, तोही वेगळा रंग. माझ्याकडं आठ-नऊ गावांच्या मातीच्या बाटल्या आहेत, शहापूरची काळी धरून. ज्या शेताचं चित्र त्याच शेताच्या मातीनं बांध रंगवते. एकदा एका गृहस्थांना मी हे सांगितलं, त्यांनी ते शेत विकलं होतं, आता तिथं प्लॉट पडलेत. त्यांनी बराच वेळ बांधावर नुसतं बोट धरलं होतं, काचेवरनं. चित्र घेऊन गेले, किंमत विचारली नाही आधी.

आता पैसे. स्पष्ट सांगते म्हणजे घरी बोलता येईल. माझं पहिलं चित्र १९९९ मधे ६०० रुपयाला गेलं, फ्रेमलाच २२० लागले होते. त्या काळात एका खाजगी शाळेत ड्रॉइंग टीचर होते, अर्ध्या पगारावर, सही पूर्ण पगारावर घ्यायचे, सात वर्षं केलं मी ते. रविवारी घरी मुलांचे क्लास, गणपतीत मंडळांचे पडदे, लग्नातली नावं, वारलेल्या माणसांची पोर्ट्रेट, सगळं केलं आणि कशाचीही लाज धरू नकोस, पोर्ट्रेटनं हात पक्का होतो. फक्त एक पाळलं, त्या वर्षातल्या चार वेळा शिवारात जायचं ते काही झालं तरी सोडलं नाही, माझ्या बाळंतपणाच्या वर्षी पण तीनदा गेले.

चौदा वर्षांनी त्या जागेची चौदा चित्रं एका ओळीत लावली, लागवडीच्या वेळची, दरवर्षीचं एक. खाली फक्त तारखा. तोपर्यंत मला सुटं चित्र विकायला महिने जायचे, त्या आठवड्यात माझ्याशी बोलायला शेतकरी आले, कॉलेजचे प्राध्यापक आले, इंजिनियर आले. लोक पहिल्या चित्रापासनं शेवटच्यापर्यंत चालत जायचे आणि परत उलटे यायचे. गडाचा पायथा कुठल्या वर्षी घरांमागं गेला ते बोट ठेवून सांगायचे. त्यानंतर माझ्याकडं कामं आपणहून आली. म्हणून म्हणते, "पर्यावरण थीम" म्हणून करियर होत नाही, एका जागेला धरून राहिलीस की ते तुझं होतं आणि दुसऱ्या कुणाकडं नसतं.

आता माझं हाफ शीट वॉटरकलर बारा हजाराला जातं, वर्षाला पंचवीस-तीस विकली जातात, क्लास अजून घेते. किंमत चौरस इंचावर ठरव, सगळ्यांना एकच भाव, नातेवाईकांनाही. गॅलरी टक्के कापते, एकदा माझे चाळीस टक्के कापले आणि उरलेले आठ महिन्यांनी दिले, तेव्हापासून लेखी घेतल्याशिवाय चित्र हलवत नाही. बेंगळुरूला जानेवारीत चित्रसंते भरते, कर्नाटक चित्रकला परिषदेची, रस्त्यावर बसून थेट विकायचं, शंभर रुपयांपासनं लाखापर्यंत, तिथं जा, नुसतं बघायला का होईना पहिल्या वर्षी. मुंबईला बॉम्बे आर्ट सोसायटीच्या वार्षिक प्रदर्शनाला पाठव, १८८८ पासूनची संस्था आहे, निवड झाली तर नावाला वजन येतं. मुंबईच्याच जहांगीर आर्ट गॅलरीसाठी अर्ज करून ठेव पण त्यावर डोळे लावून बसू नकोस, वर्षानुवर्षं वाट बघावी लागते.

आणि एक बाजू कुणी सांगत नाही ती सांगते. अभ्यासकांना चित्रकार लागतात. बेडूक, साप, वनस्पती ह्यांची नेमकी रेखाचित्रं, पानाच्या शिरा मोजून काढलेली, अजून फोटोपेक्षा उपयोगी पडतात कारण त्यात ओळखायच्या खुणाच ठळक करता येतात. तुमच्याच तालुक्यातलं भीमगड अभयारण्य २०११ ला जाहीर झालं, तिथल्या बारापेडे गुहांतलं राउटनचं वटवाघूळ जगात मोजक्याच ठिकाणी आहे, अशा भागात अभ्यासक येत राहतात. शिवाय २००२ च्या जैवविविधता कायद्यानं प्रत्येक ग्रामपंचायतीनं लोक जैवविविधता नोंदवही करायची असते, गावातली झाडं, बियाणं, मासे, औषधी सगळं त्यात येतं. तुझ्या पंचायतीत जाऊन विचार ती कुठं आहे, आणि म्हण मी त्यात चित्रं काढून देते. पैसे थोडेच मिळतील पण म्हाताऱ्या लोकांकडनं झाडांची नावं मिळतील, ती अजून वीस वर्षांनी कुणाकडं नसतील.

काही कामं नाकारावी लागतील. घाटरस्त्याच्या एका रिसॉर्टवाल्यांनी मला मोठी ऑर्डर दिली होती, सहा चित्रं, "इथला निसर्ग". मी जाऊन बसले तर समोरचा डोंगर जेसीबीनं कापलेला, ताजा तांबडा. मी तो कापलेला डोंगर पण काढला, कारण तोच समोर होता. त्यांनी सांगितलं ते हिरवं करून द्या. मी नाही म्हटलं, ॲडव्हान्स परत केला, त्या महिन्यात घरात ओढाताण झाली. आजही तेच करीन. म्हादईचं पाणी मलप्रभेत वळवायला कळसा नाल्याचं खोदकाम झालं तेव्हा कणकुंबीला जाऊन ती तांबडी चरी काढली, ते चित्र इकडं लावलं तर लोक म्हणायचे पाणी कधी येणार, गोव्यात लावलं तर म्हणायचे आमची म्हादई तोडली, २०१८ ला पाणीतंट्याच्या लवादाचा निवाडा आला तरी दोन्हीकडं तेच. मी दोघांनाही तारीख दाखवली आणि कुठं बसून काढलं ते सांगितलं.

शिक्षणाचं थोडक्यात. कोल्हापूर, धारवाड, गोवा, मुंबई, चारीकडं आपली मुलं जातात. मुंबईचं नाव मोठं, पण तू कोल्हापूर किंवा धारवाड घेतलंस तर शनिवार-रविवार घरी येऊन तुझ्या जागेवर बसता येईल, मला विचारशील तर तेच. सीमाभागातल्या पोरांना कागदपत्रांचा ताप होतो, इकडं कन्नड फॉर्म तिकडं डोमिसाइल, तर दाखले आत्ताच गोळा कर, जूनमधे धावपळ नको. आणि बाबांना डीएडवरनं भांडू नकोस, शिक्षकाची पात्रता हातात असली तर वाईट काही नाही, नोकरी शिवाराच्या आड येत नाही.

बाहेर एकटी बसू नकोस, विशेषतः रानाच्या कडेला. पहाटे आणि संध्याकाळी अस्वलं असतात तुमच्याकडं, हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत. अभयारण्यात वनखात्याची परवानगी घेतल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. पावसात जळवा चढतात, मोजे पँटवरनं घाल आणि मिठाची पुडी खिशात ठेव. आईला बरोबर ने, शेळ्या चारायला कुणी जात असेल तर त्यांच्याबरोबर जा, आणि दर वेळी त्यांना चित्र दाखव, ते चुका काढतील त्या लिहून घे. मोबाइलनं फोटो काढ पण रंगासाठी वापरू नकोस, मोबाइल सगळा हिरवा एकसारखा आणि भडक करतो, म्हणजे जे बघायचं तेच घालवतो.

मृग लागायला अजून थोडे दिवस आहेत. त्याच्या आत तुझ्या जागेवर जाऊन एक चित्र काढून ठेव, पावसाच्या आधीचं, सगळं धुळकट, गवत वाळून भगवं झालेलं, माती कोरडी फिकट तांबडी असतानाचं. पहिला पाऊस पडला की दुसऱ्या दिवशी परत तिथंच बस, त्याच वेळेला. ती माती ओली झाल्यावर किती गडद होते ते दोन चित्रं शेजारी ठेवून बघ, आणि मागं तारीख लिही.